कारखान्यातले गाऱ्हाणे

कोकणात जत्रेच्या किंवा शिमग्याच्या दिवसांत देवळापुढे गाऱ्हाणे घालतात, ते आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. गावचा मानकरी किंवा गुरव नारळ घेऊन देवापुढे उभा राहतो. आधी गावच्या देवदेवतांची नावे घेतो, मग गाऱ्हाणे कोणत्या घरचे आहे ते सांगतो, काय अडले आहे ते सांगतो, आणि देवाने काय करावे अशी इच्छा आहे तेही सांगून टाकतो. भोवतालची मंडळी ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात. ह्यात कुजबूज नाही, आडपडदा नाही. नाव, अडचण आणि मागणे ह्या तिन्ही गोष्टी चारचौघांत, मोकळ्या आवाजात सांगितल्या जातात.

मुंबईच्या गिरण्यांत ज्यांनी हयात घालवली त्यांतले फार मोठ्या संख्येने लोक ह्याच कोकणातून आलेले होते. म्हणजे गाऱ्हाणे कसे घालावे हे त्यांना शिकवायला नको होते. पण गावी देवापुढे उभा राहून बोलणारा हाच माणूस गिरणीच्या खात्यात पाऊल टाकले की मुका होई. असे का व्हावे? श्रोतेहो, आज ह्याच प्रश्नाबद्दल मला चार शब्द सांगायचे आहेत.

ह्या गप्प बसण्याला भित्रेपणा म्हणणे मला पटत नाही. जुन्या गिरणीत कामावर घेणारा जॉबर, कामावरून काढणारा जॉबर, नोकरी लावल्याबद्दल दस्तुरी घेणाराही तोच, आणि अडल्यानडल्याला उसने पैसे देणाराही पुष्कळदा तोच. गाऱ्हाणे बहुधा त्याच्याविरुद्धच असायचे आणि ते वर जायचे तेही त्याच्यामार्फतच! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. ब्रिटिश अमदानीतल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात ह्या जॉबरशाहीवर बोट ठेवले, आणि १९३४ साली मुंबईत कायदा होऊन गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी सरकारी लेबर ऑफिसर नेमण्यात आला. जॉबरला वगळून बोलायला एक दार उघडले, ते असे.

पण त्याच्याही आधी पन्नास वर्षे मुंबईत एक गाऱ्हाणे असे घातले गेले, की अर्ज कसा लिहावा ह्याचा तो आजही नमुना ठरावा. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ च्या सप्टेंबरात गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि फॅक्टरी कमिशनकडे द्यायचा अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागणे काय होते? रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी.

ह्या अर्जात मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की ‘आमच्यावर फार अन्याय होतो’ एवढेच रडगाणे गाऊन तो थांबत नाही. साडेसहा, अर्धा तास, पंधरा तारीख! समोरच्याने ‘हो’ म्हणावे किंवा ‘नाही’ म्हणावे. तिसरे काही म्हणायला जागाच ठेवलेली नाही. रविवारची सुटी पदरात पडायला पुढे सहा वर्षे लागली हे खरे. २४ एप्रिल १८९० रोजी रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने सुटी मान्य केली. आज आपण रविवारी सकाळी उशिरापर्यंत लोळतो, तेव्हा ह्या अर्जाची आठवण सहसा कुणाला होत नाही. असो.

हे झाले हजारोंचे मागणे. मला मुख्यतः बोलायचे आहे ते एकट्या माणसाच्या गाऱ्हाण्याबद्दल. जादा कामाचे पैसे कमी आले, रजा नाकारली, ज्येष्ठता डावलली, वरच्या माणसाने आईबहिणीवरून शिवी दिली, यंत्र नीट चालत नाही. अशा गोष्टींसाठी सभा भरत नाही. एकच माणूस घरी जाऊन बायकोला सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये शेजाऱ्याला सांगतो. त्याला आपण कुरबूर म्हणतो. कुरबूर सगळ्यांना ऐकू जाते, फक्त ज्याने ऐकावी त्यालाच जात नाही. दुसरा एक प्रकार चुगलीचा. ती नेमकी योग्य माणसाच्या कानी जाते, पण ज्याच्याबद्दल आहे त्याच्या पाठीमागे. तक्रार ह्या दोहोंपेक्षा वेगळी. ती तोंडावर असते, नावानिशी असते, आणि काय केले म्हणजे ती मिटेल हे तिच्यातच सांगितलेले असते. आपल्याकडे मात्र तक्रार करणाऱ्यालाच ‘कटकट्या’ म्हणायची रीत पडली आहे.

आता माझीच एक हकीकत सांगतो. सांगताना मला अजून संकोच वाटतो, पण ती टाळून ह्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

१९८६ साली मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात प्रेस खात्याचा सुपरवायझर होतो. वय सव्वीस. पत्र्याचे भाग कापणारे आठ पॉवर प्रेस माझ्या देखरेखीखाली होते. त्यांतल्या सात नंबरवर एक जुने, कसबी कारागीर होते. खात्यातले सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणत असे. एके दिवशी जेवणाच्या सुटीआधी ते चिंधीला हात पुसत माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “साहेब, सात नंबरचं लक्षण काही बरं दिसत नाही. पायडल एकदा मारलं तरी कधी कधी ठोका दोनदा पडतो.”

ज्यांना प्रेस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायाने पायडल दाबले की वरचा जड भाग एकदा खाली येतो, पत्रा कापतो आणि वर जाऊन थांबतो. तेवढ्यात कारागीर हात घालून कापलेला तुकडा काढून घेतो. आतली खीळ झिजली की तो भाग वर थांबत नाही, लागोपाठ दुसऱ्यांदा खाली येतो. त्या वेळी माणसाचा हात कुठे असतो, ते सांगायला नकोच.

मी म्हणालो, “बघू, मामा.”

महिनाअखेर होती. माल जायचा होता, लॉरी दाराशी उभी होती. मी कुठे टिपून ठेवले नाही, दुरुस्ती खात्याला कळवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती गोष्ट माझ्या डोक्यातून पार गेली. मामांनीही पुन्हा विचारले नाही. साहेबांच्या कानावर घातले आहे, म्हणजे होईल, असे त्यांना वाटले असावे. नवव्या दिवशी त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची वरची पेरे गेली.

चौकशी झाली. ह्या यंत्राबद्दल आधी कुणी काही सांगितले होते काय, असे मला विचारण्यात आले. कागदावर काहीच नव्हते. मी म्हणालो, “आठवत नाही.” हाताला पट्टी बांधलेले मामा समोरच बाकावर बसले होते. ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले, बोलले काही नाहीत. पुढचे आठ दिवस मला धड झोप लागली नाही. मग एका सकाळी व्यवस्थापकांच्या खोलीत जाऊन खरे काय ते मी सांगून टाकले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “बघू.”

मामा अडीच महिन्यांनी कामावर आले. त्यांना हलके काम दिले होते. आल्या दिवशीच त्यांनी खिशातून घडी केलेले दोन कागद काढले. मजकूर एकच, अक्षर त्यांच्या मुलाचे. ‘चार नंबरच्या प्रेसची जाळी सैल झाली आहे, ती पक्की बसवून मिळावी.’ खाली तारीख, तिकीट नंबर, सही. एक कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि दुसरा पुढे करून म्हणाले, “साहेब, पोच द्या.” मी सही केली. त्या दिवशी पाळी सुटायच्या आत जाळी बसली.

‘बघू’ हा आपल्या कचेऱ्यांतला, कारखान्यांतला फार सोयीचा शब्द आहे. त्याचा अर्थ होकारही नाही आणि नकारही नाही. ऐकणाऱ्याला वाटते आपले काम झाले, बोलणाऱ्याला वाटते आपली सुटका झाली, आणि काम आहे तिथेच राहते. गाऱ्हाण्याचे काय करावे ह्याचा ज्यांनी कुणी नीट विचार केला, त्यांनी म्हणूनच माणसांच्या चांगुलपणावर भिस्त न ठेवता मुदत घालून दिली. १९५८ साली उद्योगातील शिस्तीची संहिता मान्य झाली, आणि तिच्या अनुषंगाने गाऱ्हाण्यांची एक नमुना पद्धतही आखली गेली. कामगाराने आधी तोंडी सांगावे, नेमलेल्या अधिकाऱ्याने ४८ तासांत उत्तर द्यावे. पटले नाही तर खातेप्रमुखाकडे जावे, त्याने ३ दिवसांत उत्तर द्यावे. तेही पटले नाही तर प्रकरण तक्रार समितीपुढे जावे, समितीने ७ दिवसांत शिफारस करावी, आणि व्यवस्थापनाने ३ दिवसांत आपला निर्णय कळवावा. त्यावर फेरविचाराची विनंती, तिला आठवड्यात उत्तर, आणि शेवटी दोन्ही पक्षांच्या राजीखुशीने लवाद.

पाहा, पहिली पायरी तोंडी आहे आणि तिला दोनच दिवस दिले आहेत. गाऱ्हाणे लहान असते तेव्हाच ते मिटवणे स्वस्त पडते, हे त्या पद्धतीच्या कर्त्यांनी ओळखले होते. पण ही पद्धत म्हणजे कायदा नव्हे, खुशीचा मामला होता. आमच्या खात्याच्या भिंतीवरही ती काचेच्या चौकटीत लावलेली होती. त्या काचेत पाहून मी भांग पाडत असे.

नियम असले तरी ते वापरावे कसे, हा प्रश्न राहतोच. पुढे पुष्कळ वर्षे मी आमच्या तक्रार समितीत व्यवस्थापनाच्या बाजूने बसलो, आणि अर्ज वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. जे अर्ज फसत, त्यांतले बरेचसे खरे असूनही फसत. एकाने लिहिले होते, ‘माझ्यावर सतत अन्याय होत आहे, तरी न्याय मिळावा.’ आता ह्याला काय उत्तर द्यावे? समितीतल्या कामगार सभासदाने त्याला बाहेर नेऊन अर्धा तास बोलते केले, तेव्हा निघाले ते असे: मार्च महिन्यात चार दिवस तो जादा वेळ थांबला होता, दुप्पट दराने पैसे मिळाले ते दोनच दिवसांचे. हजेरीपुस्तक आणि पगारपत्रक शेजारी ठेवले आणि दहा मिनिटांत प्रकरण मिटले. चूक कारकुनाची होती, कुणाच्या मनातही अन्याय नव्हता. पण अर्जदार चार महिने मनात विष कालवत बसला होता.

तेव्हा अर्ज लिहिताना तारीख लिहावी. काय घडले ते लिहावे. त्यामागे समोरच्याचा हेतू काय होता ते लिहू नये, कारण हेतू सिद्ध करता करता मूळ गोष्ट हातची जाते. पाहणारे कोण होते ते लिहावे. आधी कुणाला सांगितले आणि कधी, तेही लिहावे. आणि शेवटी काय हवे ते एका वाक्यात सांगावे. एका अर्जात एकच गाऱ्हाणे असावे. सात गाऱ्हाणी एकत्र बांधली की वरचा माणूस त्यांतले सर्वांत फुसके निवडून त्यालाच उत्तर देतो. हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो आहे, कारण आम्ही ते करीत असू.

प्रत्येक गाऱ्हाण्याला ‘हो’ मिळेलच असे नाही. एकदा एका फिटरने बढतीत आपल्याला डावलले म्हणून तक्रार केली. त्याचा राग मोठा होता, घरात तीन दिवस अन्न गोड लागले नव्हते. समितीने ज्येष्ठतेची यादी त्याच्यासमोर मांडली, दुसऱ्याची नेमणूक त्याच्या आधी अकरा दिवस झाली होती ते दाखवले, आणि ‘तुमचं म्हणणं मान्य करता येत नाही’ असे कारणासह लेखी दिले. तो कागद खिशात घालून तो म्हणाला, “हे आधीच कुणी दाखवलं असतं तर एवढं झालं नसतं.” नकार माणूस पचवतो; हेलपाटे मात्र पचत नाहीत.

आता कायद्याकडे येऊ. मुंबईच्या गिरण्यांना १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एक शिस्त लावली होती: कामगाराने आधी मालकाला लेखी कळवायचे, मगच कामगार न्यायालयाची पायरी चढायची. त्याला गिरणगावात ‘अप्रोच’ देणे म्हणत. देशभराच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती सक्तीची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आहे, आणि समितीची तरतूद तिच्यात आहे. वीस कामगारांची अट तीच. समितीत दहापेक्षा जास्त सभासद नसावेत, निम्मे मालकाचे आणि निम्मे कामगारांचे. स्त्री कामगारांचे प्रमाण जेवढे, त्याहून कमी जागा स्त्रियांना नसाव्यात. गाऱ्हाणे घडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. समितीला तीस दिवस दिले आहेत. निर्णय बहुमताचा, पण कामगार सभासदांतल्या निम्म्याहून अधिकांची संमती असल्याखेरीज तो निर्णय धरला जात नाही. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. निर्णय पटला नाही, किंवा तीस दिवसांत लागलाच नाही, तर पुढच्या साठ दिवसांत आपल्या संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. वर्ष ही मुदत ऐकायला लांब वाटते, पण साक्षीदार बदलून जातात, कागद गहाळ होतात, आठवण अंधूक होते. आठवड्याच्या आत लिहावे हे बरे.

दोन बाबतींत मात्र ही नेहमीची वाट धरू नये. पहिली बाब जिवाच्या धोक्याची. मामांचे गाऱ्हाणे तीस दिवस थांबण्याजोगे नव्हते. १९८४ साली भोपाळला जे घडले त्यानंतर, १९८७ साली फॅक्टरी कायद्यात धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला गेला. आता नव्या सुरक्षाविषयक संहितेतही तो आहे: जिवावर बेतेल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती वाटली, तर कामगाराने मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवावे, आणि मालकाने ताबडतोब उपाय करावा. निरीक्षकाला कळवणे म्हणजे घरभेदीपणा, असे कुणी म्हणू लागले तर त्याला ही तरतूद दाखवावी.

दुसरी बाब स्त्रियांच्या छळाची. ज्याच्याकडून त्रास होतो तोच पुष्कळदा वरचा माणूस असतो. जॉबराच्याविरुद्धचे गाऱ्हाणे जॉबरामार्फत, ह्या जुन्याच पेचाचा हा आणखी विषारी अवतार. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली स्वतंत्र कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणे हे समितीचे काम आहे. दहाहून कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. कुणा बाईला सुपरवायझरने ‘आधी मला सांगायचं होतं’ असे ऐकवले, तर त्याला कायदा ठाऊक नाही असे खुशाल समजावे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. हे सगळे ऐकून एखादा म्हणेल, ‘साहेब, तुमचं सगळं खरं, पण अर्ज दिला आणि उद्या मला रात्रपाळीलाच टाकलं तर?’ ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ च्या शिफारशीत स्पष्ट म्हटले आहे, की गाऱ्हाणे मांडले एवढ्याच कारणावरून कामगाराचे कसलेही नुकसान होता कामा नये. पण जिनिव्हाची शिफारस रात्रपाळीत आपल्या शेजारी येऊन उभी राहत नाही. शेजारी उभा राहतो तो सोबती. म्हणून एकट्याने जाऊ नये, संघटनेच्या किंवा समितीच्या माणसाला बरोबर घ्यावे. गावच्या गाऱ्हाण्यात ‘होय महाराजा’ म्हणणारे भोवती उभे असतात ते उगाच नाही. जिथे वीस माणसेही नाहीत अशा लहानशा वर्कशॉपात ना समिती, ना बहुधा संघटना. तिथल्या माणसाची स्थिती खरोखरच कठीण आहे. त्याने निदान दोघातिघांनी मिळून बोलावे, आणि मालक ऐकेना तर कामगार आयुक्तांच्या कचेरीत जावे.

कुणाकडेही गेले तरी अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि तिच्यावर पोच घ्यावी. पोच द्यायला कुणी कां कूं करू लागला तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी.

मामा पुढे समितीचे कामगार सभासद झाले आणि १९९० नंतरची बरीच वर्षे टेबलाच्या पलीकडे माझ्यासमोरच बसले. त्या चौकशीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. बैठकीला येताना त्यांच्या बगलेत एक पुठ्ठ्याची फाइल असे, तिच्यात सगळ्या पोचा तारीखवार लावलेल्या. २०१० साली ते निवृत्त झाले, त्या दिवशी ती फाइल त्यांनी नव्या सभासदाच्या हवाली केली. तिच्यातला सर्वांत वरचा कागद आदल्या दिवशीचा होता, कँटीनमधल्या गळक्या नळाबद्दलचा, आणि त्यावर सही माझी होती.